ट्रॉलीमागचे उंदीरमामा: पिंजरा, औषध, मांजर की थेट फोडणी?

अंगणवेल

मंडळी, तीन आठवडे झाले, आता हात टेकले म्हणून इथे लिहितेय. आम्ही डोंबिवलीत राहतो, इमारत जुनी, दुसरा मजला. पहिला जोरदार पाऊस झाला आणि दोनच दिवसांनी ओट्याखालच्या ट्रॉलीत लेंड्या दिसल्या. मग बटाट्यांवर दातांच्या खुणा. मग भांडी घासायच्या साबणाची वडी अर्धी गायब. परवा तर देवघरातल्या तुपाच्या वाती ओढून नेल्या. विझलेल्या होत्या म्हणून निभावलं, पेटती वात नेली असती तर काय झालं असतं, या विचाराने अजून काळजात धस्स होतं. रात्री साडेअकराला दिवा मालवला की पाच मिनिटांत खुडबुड सुरू, दिवा लावला की चिडीचूप.

लाकडी पिंजरा आणला, भजं लावलं. पहिल्या रात्री भजं फस्त आणि दार उघडंच. दुसऱ्या रात्रीपासून पिंजऱ्याकडे कोणी फिरकत नाही. प्लगला लावायचं ते आवाजाचं यंत्र आणलं. चार दिवस शांतता होती, पाचव्या रात्री उंदीर त्या यंत्राच्या शेजारी बसून शेंगदाणा खात होता, मी स्वतः पाहिलं. औषध ठेवायचं धाडस होत नाही, मुलगी सहा वर्षांची आहे.

सासूबाई घरात 'उंदीर' म्हणू देत नाहीत. नाव घेतलं की त्याला कळतं आणि मग तो पिंजऱ्यात येत नाही, असं त्यांचं ठाम मत. त्यामुळे आमच्याकडे सगळे कुजबुजत 'मामा' म्हणतात. काल जेवताना लेकीने विचारलं, "आई, मामा आपलं सगळं खातात, मग आपण मामांना का नाही खात?" सासूबाईंसकट सगळे पोट धरून हसलो. पण रात्री एक वाजता ट्रॉलीमागून कुरतडण्याचा आवाज आला तेव्हा मला रडूच आलं. कोणाला खात्रीचा उपाय माहीत असेल तर सांगा.

तांबडा_पांढरा

ताई, लेकीला कोल्हापूरला पाठवा, तिचं भवितव्य उज्ज्वल आहे! आमच्याकडे कशाचाही रस्सा होतो. साहित्य: एक मामा, सुकं खोबरं, तीळ, खसखस, कांदा-लसूण मसाला. कृती: प्रथम मामा पकडावा. इथेच सगळी पाककृती अडते.

आता कामाचं सांगतो. भजं गायब झालं याचा अर्थ पिंजऱ्याचा खटका घट्ट आहे, एवढ्याशा धक्क्याने तो सुटत नाही. कानशीने थोडा घासा. आणि भजं नुसतं टोचू नका, दोऱ्याने बांधा म्हणजे त्याला ओढावं लागेल. माझी आई पिंजऱ्याचं दार तारेने बांधून चार दिवस तसाच ठेवायची. रोज भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा तुकडा आत टाकायचा, खाऊ द्यायचा, निर्धास्त होऊ द्यायचा. पाचव्या रात्री तार सोडायची. मिरजेच्या घरात एका आठवड्यात सात पकडले होते. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून ही चार दिवसांची खुशामत.

मोगरा८८

सरळ मांजर पाळा. आमच्याकडे दोन वर्षांत एक उंदीर नाही.

फलाट_दोन

मांजराचा उपयोग लहान उंदरांना. घूस असेल तर मांजर लांबूनच नमस्कार करतं. मोठी घूस अर्ध्या किलोच्या पुढे भरते, मी परळच्या चाळीत वाढलोय, घुशीसमोरून मांजर मागे सरकताना पाहिलंय. ताई, आधी तुमच्याकडे नक्की कोण आहे ते बघा. तांदळाएवढी बारीक लेंडी असेल तर पिटुकला उंदीर. शेंगदाण्याच्या जवळपास लांब आणि जाडसर असेल तर मोठा. आणि रात्री चूं चूं करत भिंतीच्या कडेकडेने पळत असेल, उग्र वास येत असेल, तर ती चिचुंद्री. चिचुंद्री उंदीरच नव्हे, ती झुरळं-किडे खाते, तिला मारू नका.

मुंबईत महापालिकेचे मूषक संहारक असतात, रात्रपाळीचे. एका हातात बॅटरी, एका हातात काठी. गल्लीबोळांत, कचराकुंड्यांच्या मागे फिरून एका रात्रीत तीस उंदीर मारायचे, असं त्यांचं काम. लहानपणी आमच्या चाळीच्या मागच्या घरगल्लीत ते यायचे तेव्हा आम्ही गॅलरीतून बघायचो. बॅटरीचा झोत डोळ्यांवर पडला की उंदीर क्षणभर थिजतो, तेवढ्यात काठी बसते. लोक नाक मुरडायचे, माझी आजी मात्र त्यांना वर बोलावून चहा द्यायची. म्हणायची, आपण झोपतो ते यांच्यामुळे.

पाना_पक्कड

मी बावीस वर्षं इमारतींची प्लंबिंगची कामं करतोय, त्यामुळे माझं ऐका. पिंजरा, औषध, मांजर हे सगळं नंतर. आधी तो येतो कुठून ते शोधा. वाट उघडी असेल तर तुम्ही आज तीन माराल, उद्या चार येतील. मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्लं, आणि ती पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः वीत सुटतात. मारण्याच्या शर्यतीत आपण जिंकत नाही.

तुमची गोष्ट वाचून मी न बघता सांगतो, ट्रॉलीमागे बघा. जुन्या ओट्याखाली कडप्पा असायचा, सगळं डोळ्यांसमोर दिसायचं. ट्रॉल्या आल्यापासून मागे चार-सहा इंचाची पोकळी राहते, अंधारी, उबदार, कोणाचा हात न पोचणारी. उंदराला आपण स्वतःच खोली बांधून दिली. सगळ्या ट्रॉल्या रुळावरून काढा, त्या निघतात, आत बॅटरी मारा. सिंकचा पाइप भिंतीत जिथे शिरतो तिथे भोक पाइपापेक्षा मोठं पाडलेलं असतं, आणि ती फट कोणीही बुजवत नाही. कामगार घाईत असतो, मालकाला दिसत नाही. अर्ध्या इंचाच्या फटीतून मोठा उंदीर येतो. पिटुकल्याला तर पेन्सिल जाईल एवढी फट पुरते, डोकं शिरलं की अंग शिरतं.

फट नुसत्या सिमेंटने भरू नका, ओलं असतानाच तो पोखरतो. भांडी घासायचा तारेचा घासा मिळतो ना, तो ठासून भरा आणि वरून पांढरं सिमेंट लावा. तार दाताखाली आली की तो नाद सोडतो. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढतात, त्यामुळे त्याला काहीतरी कुरतडावंच लागतं. लाकूड, प्लॅस्टिक, वायरीवरचं रबर, सगळं चालतं, तारेचा गुंता मात्र त्याला सोसत नाही. मोरीच्या जाळीवर रात्री पाटा ठेवा. खिडकीला टेकलेली वेल किंवा फांदी छाटा. एसीचा पाइप बाहेर जातो ते भोकही बघा.

आणि एक युक्ती. रात्री झोपताना ओट्याखाली फरशीवर पिठाचा पातळ थर भुरभुरवा. सकाळी पावलं दिसतील. कुठून आला, कुठे गेला, पिठावर सगळा रस्ता उमटलेला असतो.

थर्मामीटर

मी डॉक्टर आहे, म्हणून औषधाबद्दल मीच लिहितो. अंगणवेलताई, तुम्ही औषध ठेवलं नाहीत हे फार बरं केलंत.

बाजारात मुख्यतः तीन तऱ्हा मिळतात. केकसारख्या वड्यांत बहुतेक वेळा ब्रोमाडायोलोन असतं. त्याने रक्त गोठायचं थांबतं, उंदीर लगेच मरत नाही, काही दिवसांनी मरतो. मुलाने खाल्लं तर व्हिटॅमिन के हा उतारा आहे, पण दवाखान्यात तात्काळ यायला हवं. दुसरी काळपट पूड, झिंक फॉस्फाइड. पोटातल्या आम्लाशी संयोग होऊन विषारी वायू तयार होतो. याला उतारा नाही. तिसरी पेस्ट, पिवळ्या फॉस्फरसची. ही सगळ्यांत फसवी. खाल्लेला माणूस एक-दोन दिवस चांगला बोलतो-चालतो, घरच्यांना वाटतं वाचला, आणि मग यकृत बंद पडायला लागतं. तरुण मुलं अशी गेलेली मी पाहिली आहेत. घरात ती ट्यूब असूच नये, कपाटाच्या वरच्या फळीवरसुद्धा नको.

टोमॅटोला, भज्याला, पोळीच्या तुकड्याला औषध लावून ठेवायची पद्धत घराघरांत आहे. विष लावलेला टोमॅटो दुसऱ्या दिवशी चुकून शिजवला गेला आणि घरातल्याच माणसाचा जीव गेला, हे प्रत्यक्षात घडलेलं आहे. स्वयंपाकघरात खाण्याच्या वस्तूला विष लावू नका, एवढं कृपा करून ऐका.

आता पाऊस आहे, म्हणून लेप्टोबद्दलही सांगतो. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदरांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात येतात आणि पायाला जखम, भेग असेल तर तिथून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मुंबई बुडाली, आणि पाणी ओसरल्यानंतरच्या आठवड्यांत वॉर्ड लेप्टोच्या रुग्णांनी भरले. ताप, पोटऱ्या विलक्षण दुखणं, डोळे लाल होणं, असं काही असेल तर घरी गोळ्या घेत बसू नका. साचलेल्या पाण्यातून चालून आलात तर डॉक्टरांना सांगा, प्रतिबंधासाठी डॉक्सिसायक्लिन देता येतं. लेंड्या कोरड्या झाडू नका. आधी ब्लीचिंगचं पाणी शिंपडा, दहा मिनिटं थांबा, हातमोजे घालून पुसून घ्या. बटाटे, साबण, ज्याला तोंड लागलंय ते सगळं टाकून द्या.

आणि फोडणीबद्दल विचाराल तर गटारातून, पाइपातून आलेला उंदीर मुळीच नको. त्याच्या पोटात कोणाच्या घरचं औषध आहे, सांगता येत नाही.

रानपाखरू

मी कर्जत तालुक्यात एका आश्रमशाळेत चौदा वर्षं शिकवलं. छोट्या मुलीचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. तो हसण्यावारी न्यायचा प्रश्न नाही, फार चांगला प्रश्न आहे.

आपल्याच रायगड-ठाण्याच्या कातकरवाड्यांवर शेतातले उंदीर खाल्ले जातात, पिढ्यान् पिढ्या. कातकरी म्हणजे खैरापासून कात काढणारे. पुढे जंगल हातचं गेलं, आता दिवाळी झाली की अर्धी वाडी वीटभट्टीवर जाते. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांबरोबर मी एकदा गेलो होतो, भात कापून झाल्यावर. ते बांधावरून चालत होते आणि पायाने दाखवत होते: हे जुनं, हे रिकामं, हे वाहतं. 'वाहतं' म्हणजे तोंडाशी ताजी, ओलसर माती उकरलेली. मग ते खाली बसले आणि भोवतालची जमीन तळहाताने चाचपू लागले. एका जागी माती बोटभर आत गेली. ती पळवाट. उंदीर बिळाचं मागचं दार मातीच्या पातळ पापुद्र्याने झाकून ठेवतो, वरून काही दिसत नाही. तिथे त्यांनी दगड ठेवला. दुसऱ्या तोंडाशी वाळलं गवत पेटवून धूर आत सोडला आणि पहारीने खणायला घेतलं. अर्ध्या तासात चार उंदीर निघाले, आणि बिळाच्या पोटात भाताच्या लोंब्या, एकावर एक नीट रचलेल्या, देठ तिरके कापलेले. त्या माउलीने ते भात सुपात पाखडलं, दोन किलोंच्या वर भरलं. शेतमालकाचं नुकसान टळलं, यांच्या घरी भातही आला आणि कालवणही.

ते कसं शिजवतात, हेही सांगतो. जाळावर धरून अंगावरची लव भाजून काढतात, सुरीने खरवडतात, पोट साफ करून धुतात. मग मीठ, हळद, तिखट लावून निखाऱ्यावर, नाहीतर पातळ कालवण. मी खाल्लं. हाडं बारीक, मांस थोडं, चव सशाच्या जवळ जाणारी. त्या घरात घरउंदराला कोणी हात लावत नसे, "तो घाण खातो, शेतातला भात खातो" असं त्या मुलाची आजी म्हणायची. थर्मामीटर यांनी जे लिहिलंय तेच त्या आजीला शाळेत न जाता ठाऊक होतं.

तो मुलगा शाळेत डबा उघडायचा नाही. इतर मुलं हसायची. पाचवीत शाळा सोडली. मला आजही त्याची आठवण येते, कारण उंदराबद्दल त्याला जेवढं कळत होतं तेवढं मला अजून कळत नाही.

तांबडा_पांढरा

रानपाखरू सर, माझी पाककृती मी चेष्टेत लिहिली होती. तुमचं वाचून गप्प झालो. तो मुलगा आता कुठे असेल, काही कळलं का?

रानपाखरू

दादा, तुमच्या चेष्टेत कोणाला हिणवलेलं नव्हतं, मनाला लावून घेऊ नका. तो पनवेलच्या बाजूला भट्टीवर असतो असं दोन वर्षांपूर्वी कळलं होतं. त्याची धाकटी बहीण दहावी झाली.

कणीस

निफाडहून लिहितोय. सर म्हणतात तसं बीळ ओळखणं हीच खरी विद्या. आम्ही गव्हात काय करतो, संध्याकाळी सगळी बिळं चिखलाने लिंपून टाकतो. सकाळी जी उकरलेली दिसतील ती जिवंत. तेवढ्याच बिळांत काम करायचं, नाहीतर औषध आणि मजुरी दोन्ही वाया. एकट्याने करूनही भागत नाही. माझ्या शेतातले मेले की शेजारच्या उसातले येतात. आमच्या शिवारात आता दहा-बारा जण एकाच दिवशी बिळं लिंपतो, त्या वर्षापासून फरक पडला.

आणि धामण मारू नका हो. बिनविषारी जनावर, उंदराच्या बिळात शिरून उंदीर खाणारं. लोक साप दिसला की काठी उचलतात आणि मग उंदीर वाढले म्हणून रडतात. गव्हाणी घुबडाचंही तेच, अपशकुनी म्हणून हाकलतात. आमच्या विहिरीच्या जुन्या मोटेच्या खोबणीत एक जोडी आहे. त्यांनी ओकून खाली पडलेल्या गोळ्या फोडून बघितल्या तर आत उंदराच्या कवट्याच कवट्या. मी त्या खोबणीकडे पोरांना फिरकू देत नाही.

जुना_वाडा

मी पंचाहत्तरीचा, पुण्याचा. माझी आजी 'उंदीर पडला' हे शब्द उच्चारताना आवाज खाली आणायची. घरात मेलेला उंदीर दिसणं ही प्लेगची पहिली खूण होती. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा माणसाकडे वळतात, हे सिमोंड या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये दाखवलं. पण लोकांना त्याआधीच अनुभवाने उमगलं होतं: उंदीर पडायला लागले की गाव सोडा. आख्खी गावं उठून रानात झोपड्या घालून राहायची. आजीचा एक काका त्या झोपडीतच जन्मला, म्हणून त्याचं नाव घरात 'रानोबा' पडलं.

मुंबईत १८९६ ला साथ आली, पुण्यात त्या पाठोपाठ. सावित्रीबाई फुल्यांनी हडपसरजवळ आपल्या दत्तक मुलाच्या, डॉक्टर यशवंतरावांच्या दवाखान्यात रोगी आणले. मुंढव्याच्या एका आजारी पोराला पाठीवर घेऊन त्या स्वतः आल्या, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. प्लेग म्हटलं की आपल्याला रँड आणि चापेकर आठवतात, ते आठवायलाच हवेत. पण मला पहिल्यांदा ती पाठ आठवते.

थोडं अवांतर: घुशीला इंग्रजीत बँडिकूट म्हणतात, तो शब्द तेलुगू 'पंदिकोक्कू' वरून गेला. अर्थ डुक्कर-उंदीर. घुशीला पाहिलेल्या माणसाला हे नाव पटेल.

मोगरा८८

चिकटपट्टीचा पुठ्ठा कोणी सुचवला नाही? दहा मिनिटांत काम होतं.

फलाट_दोन

ताई, मी एकदाच लावला. रात्रभर तो ओरडत होता, सकाळी जिवंत होता आणि एक पाय सोलला होता. शेजारी एक पालही चिकटली होती. परत लावणार नाही. मारायचं तर झटक्यात मारावं.

अंगणवेल

उशिरा लिहितेय, पण सगळं करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

रविवारी सगळ्या ट्रॉल्या काढल्या. पाना_पक्कड दादा, तुम्ही माझं घर न बघता सांगितलंत आणि अगदी तिथेच निघालं. सिंकच्या पाइपाभोवती दोन बोटं जातील एवढी फट, कडा तेलकट काळ्या झालेल्या, ये-जा करून करून. आणि कोपऱ्यात घरटं. मी ते कागदावर काढून घेतलं. लेकीच्या पहिलीच्या वहीची पानं, इतकी बारीक कातरलेली की सुपारी वाटावी. माझ्या हिरव्या साडीच्या फॉलची पट्टी. देवघरातल्या वाती, सहा. साबणाचे तुकडे. आणि शेंगदाणे, लेकीने मोजले, एक्केचाळीस. पिल्लं नव्हती, देवाची कृपा, असती तर माझ्याने काही झालं नसतं.

पीठ भुरभुरवलं होतं. पुढच्या पायाची चार बोटं आणि मागच्याची पाच, स्पष्ट उमटली होती. एक वाट पाइपाकडून, दुसरी गॅसच्या नळीमागून, जी मला स्वप्नातही सुचली नसती. पिंजरा चार रात्री दार बांधून ठेवला, भाजलेलं खोबरं. सासूबाईंनी त्या चार दिवसांत घरात कोणाला ब्र काढू दिला नाही. पाचव्या रात्री एक, सहाव्या रात्री दोन. पुढचं काम नवऱ्याने केलं, लेक शाळेत असताना. त्याचं तोंड त्या दिवशी उतरलेलं होतं, मीही काही विचारलं नाही. मग तारेचा घासा ठासून दोन्ही फटी बुजवल्या. डॉक्टरसाहेब, ब्लीचिंगचं पाणी आधी, झाडू नंतर, तसंच केलं. आज अकरावी रात्र, आवाज नाही.

रानपाखरू सर, लेकीला तुमची गोष्ट सांगितली. तिने विचारलं, त्या दादाच्या डब्यात काय असायचं? सांगितलं. म्हणाली, "मग त्याने माझ्या शेजारी बसायचं होतं."

पाना_पक्कड

वा! आता खालच्या आणि वरच्या मजल्यावरच्यांनाही फटी बघायला सांगा. सगळ्या मजल्यांचा पाइप एकाच डक्टमधून उतरतो, तुमच्याकडे वाट बंद झाली की तो त्यांच्याकडे जाणार.

अंगणवेल

खालच्या काकूंकडे कालच गेले होते. त्यांच्या ट्रॉलीत लेंड्या आहेत. शनिवारी आम्ही दोघी मिळून काढणार आहोत. डक्टच्या तोंडाला जाळी लावायची म्हणताहेत, किती इंचाची घेऊ?

पाना_पक्कड

पाव इंचाची, गॅल्व्हनाइज्ड लोखंडी. प्लॅस्टिकची नको, एका रात्रीत फाडतो. कडेने बोटभर भिंतीत आत घ्या.